नाव कोणी घ्यायचं

९ जानेवारी

श्रीनिवासला मारलं. काल दुपारी, धुकं नुकतंच विरलं होतं तेव्हा, नदीच्या पात्रात. उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. डोक्याला टाके.

चौघे होते. लोखंडी सळ्या घेऊन. हा टांडीखेड्याच्या पुलाखाली खड्ड्याची खोली मोजत होता — पुढच्या महिन्यात हरित लवादापुढे सुनावणी आहे, तिथे दाखवायला. रेती-गोट्यासाठी पात्र इतकं खणलंय की पुलाचे खांब उघडे पडलेत. भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक हातात टेप घेऊन वाकलेला, आणि मागून सळई!

कांचनने वाचवलं. तिचं शेत काठालाच आहे. नदी खणून खणून तिच्या बोअरचं पाणी गेलं, तेव्हापासून या लढ्यात गावातली तीच सगळ्यांत पुढे. ओरडत, दगड भिरकावत धावली म्हणे. ते पळाले. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून याला मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं, तिथून चंदीगडला, सेक्टर ३२च्या सरकारी हॉस्पिटलात. मी शाळेतून पोचले तेव्हा तिची ओढणी याच्या रक्ताने माखलेली होती.

टाके घालणारा डॉक्टर लातूरचा निघाला. "काकू, सर वाचले," म्हणाला. इतका वेळ सगळ्यांशी हिंदीत नीट बोलत होते. मराठी ऐकलं आणि तिथेच रडू फुटलं.

१० जानेवारी

टांडीखेडा चंदीगडपासून अर्ध्या तासावर, पण हद्द दुसऱ्या राज्याची. म्हणून ठाणंही तिथलंच. ठाणेदाराने मला चहा पाजला आणि विचारलं, "प्रोफेसर साब वहाँ करने क्या गए थे?"

जणू मार खायला गेला होता!

तक्रारीत पोलिसांनी मारहाणीचं कारण म्हणून मोबाईल हिसकावून नेल्याचं लिहून ठेवलं होतं. मोबाईल याच्याच खिशात होता. मी तो टेबलावर ठेवला. तो माणूस शांतपणे म्हणाला की मग हिसकावण्याचा प्रयत्न झाला असेल.

११ जानेवारी

मी श्रीनिवासवरही चिडलेय. हे कुठे बोलणार? प्लॅस्टर घातलेल्या माणसावर कोण चिडतं? पण कांचनला नदीवाचून गत्यंतर नाही. तुला होतं ना रे! तुझी नोकरी, तुझी पेन्शन, तुझा सेक्टरमधला फ्लॅट — कशालाही त्या खड्ड्याने धक्का लागला नसता. गेलास कशाला एकटा?

१२ जानेवारी

आज घरी आणलं. जेवण भरवताना हळूच म्हणाला, "एकाला ओळखलं मी. अशोक. क्रशरवरचा."

नदी खणणाऱ्या ठेकेदाराच्या खडी फोडायच्या क्रशरवर तो देखरेखीला असतो. पुलाजवळ मोटरसायकलवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे फोटो काढतो. कांचनने तर पहिल्याच दिवशी जबाबात त्याचं नाव दिलंय. आता याचाही जबाब होईल. दोन माणसं एकच नाव सांगताहेत म्हटल्यावर पोलिसांना अटक करावीच लागेल. चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

१४ जानेवारी

तिळगूळ केला नाही. गोड बोलायची इच्छा नाही.

१७ जानेवारी

दुपारी एक माणूस आला. स्वच्छ कपडे, वर जॅकेट, हातात पिन्नीचा, इकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा. सरांची तब्येत विचारायला आलोय म्हणाला. नाव विचारलं तर हसला. मी दार अर्धंच उघडलं होतं. तरी आतला फोटो त्याला दिसला, आमच्या तिघांचा.

"बेटी आईटी पार्क में है ना, मॅडमजी? कंपनी की कैब गेट तक नहीं आती, मोड़ पे उतारती है। वहाँ अंधेरा रहता है। ध्यान रखना।"

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. डबा पायरीवर ठेवून नमस्कार करून गेला. मी डबा कचऱ्यात टाकला आणि मग हात धूत बसले. किती वेळ धुतले कोण जाणे.

पोलिसांना फोन केला. मिठाई आणणं हा गुन्हा नाही म्हणाले.

१८ जानेवारी

स्वरालीला सांगावंच लागलं. वाटलं होतं घाबरेल. भडकली. हातातला चमचा आपटला. तिच्या सगळ्या भांडणांसारखं हेही हिंदीतच. "आई, बाबा को बोलो बस करें। पूरी दुनिया की नदी इन्होंने ही बचानी है क्या?"

तो आतल्या खोलीत सगळं ऐकत होता. आला नाही बाहेर.

आजपासून मी तिला न्यायला-आणायला जाणार. मी, गणिताची बाई, हँडबॅगेत तिखटाची पूड घेऊन.

२० जानेवारी

महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू. जायचं नव्हतं, पण घरात गुदमरत होतं. वाण लुटून झालं आणि बायका माझ्याभोवती जमल्या. नयनाताईंचे मिस्टर बँकेत, अधूनमधून बदल्या. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "आसावरी, आपण बाहेरची माणसं गं. इथल्या भानगडीत आपण कशाला पडायचं?"

बाहेरची! माझी मुलगी इथे जन्मली. तिला सांगलीत रिक्षावाल्याशी धड बोलता येत नाही. मग आम्ही आतले तरी कुठले?

हे सगळं इथे लिहितेय. तिथे नुसती हसले आणि वाणाची वाटी घेऊन आले. माझाच राग येतोय.

२३ जानेवारी

श्रीनिवासने अशोकचं नाव घेतलं नाही.

मला शाळेत जाऊ दिलं आणि रिक्षाने एकटा ठाण्यात गेला. त्यांनी फोटो दाखवले. त्यात अशोकचाही होता. हा म्हणाला, मागून मारलं, मी कोणालाच पाहिलं नाही. डाव्या हाताने कशीबशी सही करून आला.

संध्याकाळी मला सांगितलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "माझा हात मोडला, तो बरा होईल. स्वरालीला काही झालं तर मी काय करू, सांग."

"आणि कांचन?"

"कांचनला गाव आहे."

मी तशीच उठून गॅलरीत गेले. या माणसाने मला लग्नानंतर पहिल्यांदा दाखवली ती नदी होती, महाबळेश्वरच्या वाटेवरची. तिच्या दगडांवर तासभर बोलला होता. तोच हा?

२४ जानेवारी

कांचन आली. कोणीतरी सांगितलंच असणार तिला. याच्यासाठी घरचं तूप आणलं होतं. खुर्चीवर बसली नाही, दारातल्या स्टुलावर बसली.

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी हाताची चौकशी केली, बोटं हलतात का पाहिलं. मग म्हणाली, "सरजी, अब मेरा अकेली का बयान रह गया।"

मी म्हटलं, तूही मागे घे बाई, आम्हाला काही वाटणार नाही. असं मी म्हटलं! तिने माझ्याकडे पाहिलं.

"बहनजी, मेरे घर के सामने से रोज़ ठेकेदार की गाड़ियाँ जाती हैं। मैं कह दूँ कि मैंने देखा नहीं, तो कल वो मेरे आँगन में खुदाई करेगा।"

चहा अर्धा ठेवून गेली. शेवटची बस चुकेल म्हणाली.

२५ जानेवारी

खरं लिहायचं तर काल रात्री मला गाढ झोप लागली. या महिन्यात पहिल्यांदा. संध्याकाळी स्वरालीला आणताना मागे पाहिलं नाही. पिन्नीवाला येऊन गेल्यापासून कोपऱ्यावर रोज उभी असायची ती पांढरी बोलेरो गाडी नव्हती. पिन्नीवाला पुन्हा येणार नाही, हे मला आतून पक्कं कळलं होतं.

श्रीनिवासवर एवढी तोंड सोडून चिडले, आणि त्याने मिळवून दिलेली झोप मात्र घेतली. कांचन झोपली असेल का, हा विचार सकाळी आला. उठल्यावर.

२६ जानेवारी

सुट्टी. तिघं घरात. जेवलो मात्र वेगवेगळ्या वेळेला.

२८ जानेवारी

कांचन गेली. सकाळी डेअरीवर दूध घालून सायकलवरून परतत होती. टिप्पर ट्रकने मागून उडवलं. गाडीला नंबरप्लेट नाही. ठाण्यात लिहिलंय — धुक्यामुळे अपघात. धडकेनंतर लगेच तिच्या दिराचा फोन आला तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होतं.

श्रीनिवास अशोकचं नाव द्यायला ठाण्यात गेलाय. मी अडवलं नाही. स्वराली ऑफिसला गेली नाही, त्याच्याबरोबर गेली.

मी टांडीखेड्याला निघालेय. पोलीस अपघात म्हणतील, ठेकेदार नशीब म्हणेल. आम्ही गप्प बसलो म्हणून ती एकटी पडली, हे तिच्या घरच्यांसमोर कोणीतरी म्हटलं पाहिजे. मीच म्हणणार आहे.