कंटेनरमधले तारे

आई, आधी चांगली बातमी ऐक, ओरडायचं ते नंतर ओरड. आमच्या बँडचं गाणं तयार झालंय. साडेआठ मिनिटांचं एकच गाणं, आणि त्याचा व्हिडिओ असा की बघणाऱ्याला वाटेल यांनी खरंच कुणाला तरी रॉकेटात बसवून वर पाठवलंय. पाठवलंय ते मलाच. चंदेरी सूट घालून मी भर दुपारी अंतराळात तरंगतोय आणि बाहेर द्रोणागिरीच्या रस्त्यावर ट्रेलरवाले हॉर्न मारतायत. उद्या गाणं बाहेर पडेल. बाबांनी सुट्टी टाकलीय, मोबाइल चार्ज करून ठेवलाय, जसं काय गाणं त्यांच्याच बॅटरीवर चालणार आहे. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होतो आणि शाळा म्हटलं की माझं पोट दुखायचं. तू म्हणायचीस, "ह्ये पोरगं एक तर जेलात जाईल न्हाईतर टीव्हीवर." जेल अजून बाकी आहे.

आमी चौघं आहोत. मी ड्रम वाजवतो. दिवसा जुईनगरला मोबाइल रिपेअरच्या दुकानात फुटलेल्या स्क्रीन बदलतो, गिऱ्हाइकाला "काकू, फोनला सर्दी झालीय, वाफ द्या" असं सांगतो आणि मालकाच्या शिव्या खातो. ड्रमच्या काठ्या आता दुकानातून आणतो, पण पहिल्या काठ्या तू दिलेल्या. मी तुझ्या चपातीच्या डब्यावर चमचे बडवून त्याला पोचे पाडले होते, म्हणून तू तुझ्या कामावरच्या, कंटेनर यार्डातल्या सुताराकडून माल ठेवायच्या पॅलेटच्या लाकडाच्या दोन काठ्या तासून आणल्यास. "आता डब्याला हात लावलास तर ह्याच काठ्यांनी तुला बडवीन," असं म्हणालीस आणि स्वतःच एक ठेका वाजवून बघितलास. तो डबा अजून आहे, पोच्यांसकट.

गाण्याचं नाव 'लाइट टेस्ट'. बँडमधल्या पोरांना वाटलं मी मस्करी करतोय. मग त्यांना तुझं काम सांगितलं. कंटेनरमध्ये माल भरायच्या आधी एक माणूस रिकाम्या कंटेनरमध्ये जातो, बाहेरून दरवाजा लावून घेतो आणि काळोखात उभा राहतो. कुठून उजेड आला तर तिथे भोक आहे. भोकाभोवती खडूने गोल करायचा, की मग वेल्डिंगवाला येऊन ते बुजवतो. बाकीचे आत जायचे, दहा आकडे मोजायचे आणि बाहेर यायचे. तू शंभर मोजायचीस. म्हणायचीस, डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, घाई केली तर फक्त मोठी भोकं दिसतात.

मे महिना आहे. मी अकरा वर्षांचा. बाबा ड्युटीवर, शेजारची काकू गावाला, म्हणून तू मला वॉचमनच्या पाया पडून गुपचूप यार्डात आणलंयस. पोरांना आत आणायची बंदी आहे, हे तू मला गेटवरच तीनदा सांगितलंयस. "इथं बसायचं. कशाला हात लावायचा न्हाई. मुतायला लागलं तर मला सांगायचं." तासाभराने तूच येतेस आणि म्हणतेस, "चल, गंमत दावते." आपण एका गंजलेल्या कंटेनरमध्ये जातो. दरवाजा लागतो. आधी काहीच दिसत नाय, फक्त भट्टीसारखं गरम आणि तुझ्या बांगड्यांचा आवाज. तू मोजतेस. चाळिसाला पहिला ठिपका दिसतो, साठाला दहा-बारा, आणि शंभरला आई शप्पथ, वर आभाळच आहे. मी म्हणतो, "आई, हे कंटेनर पास करून टाक ना." तू इतकी हसतेस की बाहेरचा माणूस दरवाजा वाजवतो. टण टण टण. तू आतून तीनदा वाजवतेस. ही तुमची पद्धत होती. आतला माणूस जास्त वेळ गप राहिला की बाहेरच्याने तीनदा वाजवायचं, आतल्याने तीनदा उत्तर द्यायचं. मग काळजी नाय.

त्याच दिवशी तू मला म्हणालीस, "माझ्या नजरेतनं एक भोक सुटत न्हाई." ही पैज आहे, असं मी ठरवलं. पुढच्या कंटेनरमध्ये मी तुझ्या आधी घुसलो. दरवाजाच्या कोपऱ्यात, माझ्या हाताला येईल असं एकच भोक होतं. तोंडातलं च्युइंगम काढलं, दाबून बसवलं, वरून गंजाची माती चोळली. कलाकारी म्हणजे काय! तू आत गेलीस, शंभर मोजलंस, बाहेर आलीस. "टाइट हाय. पास." मी गालात हसत राहिलो. घरी गेल्यावर "हरलीस!" म्हणून नाचायचं ठरवलं होतं. घरी पोचेपर्यंत विसरलो.

त्या कंटेनरमध्ये हळदीची पोती भरली. तिसऱ्या दिवशी बाजूचा कंटेनर पाइपने धुतला, उन्हात मऊ झालेलं च्युइंगम ओघळलेलं होतं, आणि पाणी आत गेलं. तुला चेकिंगवरून काढलं. त्यानंतर तू गेलीस तोपर्यंत खोक्यांवर लेबलं चिकटवत होतीस, दिवसभर उभी. रात्री बाबांना सांगताना मी ऐकलं, दरवाजाच्या कोपऱ्याचं भोक सुटलं म्हणून. चादर डोक्यावर घेऊन मी गप पडून राहिलो. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. असं करत चार वर्षं गेली. मग तुला ताप आला आणि सांगायला कोण राहिलंच नाय.

आता इकडचं ऐक. व्हिडिओला तारे पाहिजे होते. आमचा डायरेक्टर खरं तर लग्नाचं शूटिंग करतो, त्याने कम्प्युटरवर तारे काढून आणले. आमची गिटारवाली पोरगी म्हणाली, "हे अंतराळ आहे की सत्यनारायणाचा मांडव?" गाण्यातला माणूस यानात एकटा अडकलाय, बाहेर कुणी आहे का हे त्याला कळत नाय, साडेआठ मिनिटं तो फक्त उजेड शोधतोय. तिथे मांडवाचं लायटिंग चालणार नव्हतं. मी म्हटलं, खरे तारे मला माहीत आहेत कुठे मिळतात. तुझे सुपरवायझर काका आता द्रोणागिरीला स्वतःचं भंगार कंटेनरचं यार्ड चालवतात. तुला चेकिंगवरून काढणारे तेच. मी अकरा-बारा वर्षं त्या रस्त्याने गेलो नव्हतो.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू तिचाच पोर ना? नाक तसाच हाय."

"हो काका."

"काय पायजे?"

"जास्तीत जास्त भोकं असलेला कंटेनर. एका दिवसासाठी."

"लोक बिनभोकाचा मागतान, ह्यो भोकाचा मागतंय," असं म्हणून ते हसले. "एक हाय, सोमवारी कापायचा हाय. रविवारी ने." मग जरा थांबून म्हणाले, "तुझे आईसारखी नजर कोनाची नव्हती. एकदाच चुकली बाय. आनि मीच हटवली तिला."

झालं होतं आमचं काम. बरोबर आलेल्या गिटारवालीने मला कोपर मारलं, म्हणजे थँक्यू म्हण आणि निघ. मी दिवसातून दहा वेळा थापा मारणारा माणूस, आई. गप बसणं तर त्याहून सोपं. आणि सांगितलं तर कंटेनर जाणार, गाणं जाणार, तिघांची वर्षभराची मेहनत जाणार, हे पण कळत होतं. पण "चुकली" हा शब्द तुझ्या नावाला चिकटून राहिलेला मला ऐकवेना.

"ती चुकली नव्हती काका. भोकावर च्युइंगम मी लावलं होतं."

"मेलो आपण," गिटारवाली हळूच म्हणाली.

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "इतक्या वरसांनी सांगतंस?"

"आधी हिंमत झाली नाय."

"मला ठावं हाय रं." ते कंटेनरकडे बघत बोलत होते. "तीच आत जाऊन कोपरा खरवडून आली. साहेबानं विचारला, कोन चुकला? तं बोलली, माझी नजर चुकली. तिचे नखांत गुलाबी चिकाट होता, मी बघितला. पोर आत आनला होता ह्या कळला असता तं नोकरीच गेली असती तिची. मी काय बोललो नाय. ती बाहेर येऊन मला इतकाच बोलली, पोर हसरा हाय माझा, त्याला ह्याच्यात आनू नका."

आई, तुला माहीत होतं. मी तिथेच टायरवर बसलो. आणि तुला चेकिंगवरून काढलं त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. तू मोरीपाशी उभी राहून खोबरेल तेलाने नखं साफ करतेयस. मी विचारतो, काय लागलं? तू म्हणतेस, "काय न्हाई. आजपासनं ह्या घरात च्युइंगम आनायचं न्हाई. दात किडत्यात." आणि थोड्या वेळाने, कणीक मळता मळता, "हसवायचं असंल तर ज्याच्यावर हसतोस त्याला पन हसू आलं पायजे. न्हाईतर ती गंमत न्हवं." मला वाटलं शेजारच्या काकूच्या बेलवर मी चिकटपट्टी लावली होती, त्याबद्दल बोलतेयस. काकू गावावरून आल्यावर मी तिची माफी पण मागून आलो होतो! तिला काय कळलंच नाय कशाची.

रविवारी शूटिंग झालं. सूट आंब्याच्या पेट्यांवर टाकतात त्या चंदेरी कव्हरचा, हेल्मेट स्कूटरचं. दरवाजा काकांनी स्वतः लावला. आत मी आणि कॅमेरावाला. डायरेक्टर बाहेरून ओरडत होता, "सुरू करा," आणि मी म्हटलं, "थांब, शंभर मोजू दे." मोजले. तसेच तारे, आई. जरा जास्तच. शेवटच्या शॉटला यानातला माणूस भिंत चाचपतो, एक बुजलेलं भोक त्याच्या बोटाला लागतं, तो नखाने खरवडतो आणि उजेडाची एक सरळ काडी त्याच्या छातीवर पडते. भोक कशाने बुजवलं होतं ते तुला सांगायला नको. उजेड पडला आणि माझे हात हलेनात. सगळं सामसूम झालं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टण टण टण.

हे ठरलेलं नव्हतं. आत बराच वेळ शांत झालं म्हणून काकांनी जुन्या सवयीने वाजवलं होतं. मला माहीत होतं बाहेर काका आहेत, तरी एक क्षण ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. मी हात उचलला आणि तीनदा वाजवलं. कॅमेरा चालूच होता. आता गाणं तिथेच संपतं, दोन्हीकडच्या तीन-तीन ठोक्यांवर. गिटारवाली म्हणते, इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा ठेका सोडला नाय. शेवटी नावं येतात, त्यात एक ओळ काकांनी सांगून टाकून घेतलीय. "लाइट चेकिंग: आई." खाली दुसरी ओळ मी टाकलीय. "एकही भोक सुटलेलं नाही."

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून पोचे पडलेल्या डब्यात ठेवतोय, बाबा त्यात हल्ली लाइट बिलं ठेवतात, सापडलं तर वाचतील, वाचू देत. आणि आता ओरडायचं ते ओरड. हे सगळं लिहिताना पण माझ्या तोंडात च्युइंगम आहे. गुलाबीच.