दिसायला देखणी

ता. ४ जानेवारी

ती. ताईच्या सेवेसी, छोटूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी ऐकत नाही म्हणून तू हल्ली पत्रातून रागावतेस, त्यामुळे मलाही दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधे पेन हातात धरावं लागतं. आईला न्यायला येतो म्हणालो होतो, ते विसरलेलो नाही. पण गाडी सर्व्हिसला आहे. आधी पिवळा दिवा लागला, तो घालवला तर लाल लागला.

पण गाडी दिसते काय सांगू. लांबलचक नाक, मागे उतरत गेलेलं छत, दाराच्या कड्या दारातच लपलेल्या. किल्ली घेऊन जवळ गेलं की त्या आपण होऊन बाहेर येतात. सिग्नलला लोक काच खाली करून बघतात. आईला याच गाडीतून जुन्या घाटानं आणायचं, हे मी ठरवून टाकलंय. बाबांनी गवंडीकाम करताना बांधलेला घाटातला तो दगडी कठडा, पलीकडे समुद्र आणि शेजारी आई. तू मधेच भाड्याची गाडी करू नकोस, तुला माझी शपथ आहे.

लोभ आहेच, त्यातला राग तेवढा कमी करावा.

तुझा छोटू

ता. १२ जानेवारी

चि. छोटूस अ. उ. आ.

पत्रातलं ‘सेवेसी’ वाचून मला वाटलं, तुझी गाडीच लिहितेय. सारखी ती सेवेसी. तिच्या निम्म्यानं तरी तू माणसांच्या सेवेसी आला असतास, तर मला शाई खर्चावी लागली नसती. माझ्या लॉन्ड्रीत असे कोट रोज येतात. वरून झुळझुळीत आणि आत अस्तराच्या चिंध्या. तू तर दातांचा डॉक्टर. मुळाशी कीड असताना वर टोपी बसवू नये, हे तुला मी सांगायचं का?

काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. कडेचं दिसणं गेलंच आहे. समोरचंही उन्हाळ्यापर्यंत कितपत टिकेल सांगता येत नाही, आणि गेलेलं परत येत नाही, असं म्हणाले. संध्याकाळी भाजी निवडताना आई म्हणाली, तो कठडा एकदा डोळे भरून बघून घ्यायचा होता. तिला बाबांचा फोटो लागत नाही रे, तो कठडा लागतो.

बस आता नव्या बोगद्यातून जाते, तिथे काय दिवे बघायचे? टॅक्सी करते म्हटलं तर आईच नको म्हणते. मुलानं एवढ्या हौसेनं बोलावलंय, दुसऱ्या गाडीतून गेले तर त्याला लागेल, म्हणते. तुम्हा मायलेकांच्या प्रेमापायी माझं डोकं उठलंय. तिची बॅग भरून दारामागे ठेवलेली आहे. रोज तीच ओलांडून मी दुकानात जाते.

आशीर्वाद आज जरा हात आखडूनच देते.

ताई

ता. २० जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांचं वाचलं आणि लगेच गॅरेजला फोन लावला. पुढच्या रविवारी, २८ तारखेला, येतोच. गॅरेजवाल्यानं शब्द दिलाय.

तू म्हणतेस तसं मी आंधळेपणानं गाडी घेतलेली नाही. आम्हा मालकांचा फोनवर एक ग्रुप आहे. सगळे लिहितात की अशी गाडी होणे नाही. त्याखालीच कुणीतरी विचारतो की चांगल्या गॅरेजचा नंबर आहे का. एका वकीलसाहेबांची गाडी तर पार्ट येण्याची वाट बघत कधीची गॅरेजात पडली आहे. ते तिला तिथे भेटायला जातात. नुसतं बघितलं तरी बरं वाटतं म्हणतात. आधी मला त्यांचं हसू यायचं. परवा मीही गॅरेजात एक चक्कर टाकून आलो.

रागावलीस तरी चहा ठेवशीलच, या भरवशावर आहे.

छोटू

ता. २८ जानेवारी, रविवार

चि. छोटूस आशीर्वाद.

चहा ठेवला होता. आई सकाळी लवकर आवरून, चष्मा पुसून, खुर्ची दाराकडे वळवून बसली होती. मग तुझा फोन आला की गाडी बसली. बसली म्हणजे काय, असं आईनं विचारलं. मी सांगितलं की चाकांवर हवेच्या उशा असतात, त्यातली हवा गेली आणि तिचं पोट जमिनीला टेकलं. दमली असेल बिचारी, असं आई म्हणाली. तिची कीव ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं.

वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काय. येत्या शनिवारी टॅक्सी सांगितली आहे. शपथ मोडली तर मोडली. आईचे डोळे तुझ्या पार्टची वाट बघत थांबणार नाहीत. तुला यायचं असेल तर मुलगा म्हणून ये, गाडीचा मालक म्हणून येऊ नकोस.

ताई

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

शनिवारी मी गाडी घेऊनच आलो आणि तुझी टॅक्सी परत पाठवली, तेव्हा तू दारात एक शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. पुढचं ऐक. सगळा सपाट रस्ता गाडी लोण्यासारखी चालली. आई गप्प होती, मला वाटलं तिला गाडी आवडली. घाटाच्या पायथ्याशी आलो आणि पेट्रोल पंपासमोर गाडीनं बसकण मारली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंद गाडी उचलून न्यायला ट्रक आला. ड्रायव्हरनं गाडी बघून मान डोलावली. या मॉडेलवरच आपल्या मुलींची शिक्षणं चालली आहेत, म्हणाला. बंद गाडी बोगद्यातून न्यायला बंदी, म्हणून तोही जुन्या घाटानंच निघाला. पालथ्या बादलीवर पाय देऊन आई केबिनमध्ये चढली. ती खिडकीशी, मी मधे गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत.

वळणावर ट्रक तिनंच थांबवायला सांगितला. खाली उतरून कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. मागे ट्रकवर माझी गाडी उन्हात चमकत होती. तिच्याकडे बघावंसं मला पहिल्यांदाच वाटलं नाही. तुझं ऐकायला हवं होतं.

जमेल तेव्हा क्षमा असावी.

छोटू

ता. ६ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

ओळी वाकड्या गेल्या असतील. दिसतंय तोवर आपल्या हातानं लिहावं म्हटलं. छोटूनं तुला सगळं कळवलंच असेल. त्याला आता फार बोलू नकोस.

गाडी देखणीच आहे गं. पण आत बसलं की दिसत काही नाही. सीट विहिरीसारखी खोल आणि खिडकी म्हणजे नुसती फट. तुझ्या दारातून निघाल्यापासून मला फक्त आभाळ दिसत होतं. इतक्या हौसेनं नेतोय, त्याला कसं सांगायचं? कठडा आला की तो सांगेल, आणि मी दिसला म्हणेन, असं ठरवून बसले होते.

ट्रकची समोरची काच मात्र केवढी मोठी, आणि आपण उंचावर. छोटूच्या आधी मला समुद्र दिसला. तुझ्या बाबांनी कठड्यात एक दगड उलटा बसवला होता, त्यावरून मुकादमाची बोलणी खाल्ली होती. तो अजून तसाच आहे. तो मी नीट बघून घेतला.

गाडी दुरुस्त झाली की तिच्यातूनच परत सोडतो म्हणतोय. मी हो म्हटलंय. ट्रकवाल्याचा नंबर मागून घेऊन पर्समध्ये ठेवला आहे. या खेपेलाही घाटाच्या आधीच बिघडली म्हणजे झालं.

दोघांनी भांडत राहावं, पण बोलणं सोडू नये.

आई