डांबऱ्याची परीक्षा

चि. भाचीबाईस,

आत्याचा आशीर्वाद. खोकला गेला का? आईचे गुडघे कसे आहेत? असो, मुद्द्यावर येते. मला एका जागी बसवत नाहीये.

तू कॉलेजातून शिकून आलीस आणि माझ्या जिवाला घोर लावून गेलीस. आमचा डांबऱ्या म्हणजे मिशीपासून शेपटीपर्यंत काळाकुळकुळीत ससा. तरी विहीणबाई ससेवाल्या मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या, "वरून काळा दिसतो हो, आत तपकिरी दडलेला असायचा." (सून त्यांची लेक, म्हणून मी गप्प बसले. अर्धं मिनिट.) मग उठून सांगितलं, घ्या परीक्षा, एक जरी तपकिरी पिल्लू निघालं तर परीक्षकाची खुर्ची सोडते. वीस वर्षं त्या खुर्चीतून लोकांचे ससे अस्सल की भेसळीचे ते मी ठरवलंय, बाई!

तू सांगितलंस तशी तपकिरी मादी आणली. (काळ्यात तपकिरी लपतो, तपकिरीत काळा लपत नाही, हे तुझंच.) एकतीस दिवस पिंजऱ्याभोवती येरझाऱ्या घातल्या. तुझे आतोबा म्हणाले, "अगं बस की, पिल्लं तिला व्हायचीत!" झाली, तर सगळी उघडी, गुलाबी, रंगाचा पत्ता नाही. मी दोनदा चष्मा पुसला. आठवड्यात लव आली आणि मोजली, तर सहा काळी! आता चांगली पाच आठवड्यांची झालीत. रविवारी मंडळ मोजायला येतंय. जिंकले म्हण.

तुझी आत्या

ता.क. दूधवाल्याबरोबर झाकणाची टोपली पाठवतेय. आईसमोर उघडू नकोस. वर गाजराचा पाला आहे, खाली सातवं आहे. रविवार उलटेपर्यंत सांभाळ.

ता.क. २. टोपली येत नाही. मी सुतळी शोधायला वळले, तेवढ्यात सातव्याने उडी मारली आणि थेट दारात उभ्या विहीणबाईंच्या पायावर जाऊन बसलं. आईसारखंच तपकिरी, लपायचं नाव नाही. विहीणबाई हसल्यासुद्धा नाहीत, तेच जास्त झोंबलं. सोडली खुर्ची.

ता.क. ३. आता त्या खुर्चीत त्याच बसणार. त्यांचाही नर काळाच आहे. रविवारी तू नक्की ये, मंडळाला परीक्षा नीट समजावून सांग. तपकिरी मादी सध्या मोकळीच आहे.