बेचाळिसावं झाड

१४ ऑक्टोबर २०२४

बाकाशेजारच्या खांबाला नोटीस! प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार खिळे ठोकून. येत्या थंडीत राईत तोड होणार. एक्केचाळीस झाडं. कुठली, ते नाही. कोणाला विचारलं, तेही नाही. खाली सही – ब्रुकमायर, फोर्स्टर. म्हणजे या भागातली रानं ज्याच्या ताब्यात, तो.

राई ती केवढी! अलीकडे उभं राहिलं की पलीकडचे, बिअरसाठी लावतात त्या हॉप्सच्या वेलांचे खांब दिसतात. ओक, बीच, हॉर्नबीम, कडेला थोडी हेझलची झुडपं. चारी बाजूंनी मका, आणि मक्याच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या शेडीच शेडी. एवढ्या पसाऱ्यात हा एक हिरवा तुकडा उरलाय, तोही मेल्यांना बघवत नाही.

ह्यांनी नोटीस दोनदा वाचली. मग काठी उचलून ओकाकडे दाखवली. मी म्हटलं, अहो, त्याला नाही हात लावणार कोणी. म्हटलं खरं.

१५ ऑक्टोबर

राग जात नाही. पोळ्या करताना लाटणं आपटत होते, ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

एकदा लिहूनच ठेवते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात हे स्वयंपाकघरात कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रिहाची, म्हणजे पुनर्वसनाची फिजिओ घरी आली तेव्हा म्हणाली, नुसतं चाला म्हटलं की कोणी चालत नाही, पोचायला एक ठिकाण ठरवा. ह्यांनी खिडकीतून ओक दाखवला. राईच्या अलीकडच्या टोकाला, बाकापाशी आहे तो. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतही गेले नाहीत. ओकापर्यंत पोचायला सात महिने लागले. सहाशे चाळीस पावलं – त्यांची, माझी नव्हे. पोचले की उजव्या हाताने खोडावर तीनदा ठोकतात. फाउंड्रीत तीस वर्षं ओतकाम असंच ठोकून तपासलं. त्याच हाताने, जो कामातून गेला असं डॉक्टर म्हणाले होते!

वाचा एकेका शब्दाने येतेय. चहा. पुरे. शुभा. नको. अख्खं वाक्य अजून नाही. लोगोपेडीवाली, ह्यांना बोलायला शिकवते ती, म्हणते, येईल, वाट बघा. बघतेय.

तेव्हा तो ओक पडला तर हे चालणं सोडतील. मला बाकी चाळीस झाडांचं काही नाही, वाईट वाटो कोणाला. मला एक पाहिजे.

२२ ऑक्टोबर

उर्जाला फोन केला. म्हटलं, तुझं जर्मन माझ्यापेक्षा बरं, फोर्स्टरला पत्र लिहून दे. मी सांगितलं एक, लेकीने लिहिलं भलतंच. "आपल्या अमूल्य वेळाबद्दल आभार"! कसला अमूल्य? मी म्हटलं, लिही – आठ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर दारात येऊन बसेन. हायडेलबर्गहून उत्तर आलं, "ममा, जो गेट दास निश्त." असं चालत नाही म्हणे. मी मराठीत भांडतेय, ही जर्मनमध्ये. पस्तीस वर्षं हेच चाललंय.

शेवटी तिचंच पत्र गेलं. ह्यांच्या आजाराबद्दल तिने चार ओळी लिहिल्या, त्या मात्र चांगल्या होत्या. वाचून मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

१ नोव्हेंबर

आज लक्ष्मीपूजन, आणि इथे मृतांच्या सणाची सुट्टी, सगळे आपापल्या कबरस्तानात दिवे लावायला. चिवडा डब्यात घेऊन ओकापाशी गेलो. तिथे ब्रुकमायर भेटला! हिरवं जाकीट, कुत्रं, दाढीला चिकटलेलं पान. म्हणाला, पत्र मिळालं, फ्राऊ मुळ्ये. मी विचारलं, मग? त्याने झाडाभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, ह्यांच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "शाऊ मा मोई."

बघू या! या बव्हेरियन लोकांच्या 'बघू या'ने चाळीस वर्षं माझं रक्त आटवलंय. व्हिसा – बघू या. घर – बघू या. ह्यांची पेन्शन – बघू या. तरी चिवडा पुढे केला. दोन मुठी खाल्लान.

१९ नोव्हेंबर

उत्तर नाही.

५ डिसेंबर

उत्तर नाही. त्याची गाडी राईच्या पलीकडच्या अंगाला उभी होती सकाळभर. आत काय करत होता कोण जाणे. ओकाच्या पुढे मुळं वर आलेली आहेत, हे तिथूनच आत डोळे ताणून बघतात आणि मागे फिरतात, मग मीही आत जात नाही. ऑफिसला फोन केला तर मशीन बोललं.

२८ डिसेंबर

आता मीच काय ते केलं. चाळीस वर्षं इथल्या लोकांच्या पद्धतीने अर्ज केले, आज माझ्या पद्धतीने.

आमच्या गावी, देवरुखाकडे, देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीत घालत नाही. कशामुळे? कुंपण नाही, नोटीस नाही, फोर्स्टर तर नाहीच. वाटेवरच्या धोंड्याला शेंदूर लावलाय, एवढंच. लाकूडतोडे येतात, शेंदूर बघतात, पायातलं काढून हात जोडतात आणि दुसरीकडे जातात. कोणाला काही समजवावं लागत नाही.

देवघराच्या खणात मारुतीसाठी आणलेली शेंदराची पुडी होती. तिळाच्या तेलात कालवला – नुसतं कुंकू पहिल्या पावसात गेलं असतं. ओकाला छातीच्या उंचीवर, वाटेवरून येणाऱ्याला दिसेल असा, पाची बोटांनी ओढला. चांगला जाड. एकावर एक दोन हात दिले.

ह्यांनी माझं मनगट धरलं. "नको," म्हणाले. "नको. नको." पहिल्यापासून ह्यांना देवधर्माचं वावडं! गणपती पण माझ्या हट्टाने बसतो. म्हटलं, तुमच्याच झाडासाठी करतेय हो, एवढं खपवून घ्या. तर मनगट सोडीचनात. शेवटी डाव्या हाताने लावला.

किती दिवसांनी शांत वाटलं.

११ जानेवारी २०२५

आज उर्जाकडे आलो. संक्रांत इथेच. तिळाच्या वड्या जरा कडक झाल्यात. ह्यांना निघायचं नव्हतं, सारखं राईकडे दाखवत होते. गाडीत बसेपर्यंत गाल फुगवलेले.

२४ जानेवारी

पाडला.

पाडला, पाडला, पाडला. काल दुपारी आलो, हे कोट न काढताच निघाले. मी मागून. फाटकातूनच दिसलं – तिथे नुसतं आकाश. बुंधा जमिनीसरसा कापलेला, टेबलाएवढा, ओला. ओंडके घेऊनही गेले. चिखलात यंत्राच्या चाकांचे हे एवढाले चर, आणि बाक धडधाकट! बाक ठेवलान!

हे बुंध्यापाशी उभे राहिले. ठोकायला हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला.

२५ जानेवारी

"शेंदूर," म्हणाले हे सकाळी. चहा घेताना. परत म्हणाले, "शेंदूर." हो ना, मी म्हटलं, शेंदरालासुद्धा जुमानलं नाही मेल्यांनी! कप बाजूला सारलान आणि भिंतीकडे तोंड केलं.

२९ जानेवारी

आज मी एकटी आत गेले. चिखल गुडघ्यापर्यंत. एकूण एक बुंधा मोजला, प्रत्येकावर खडूची फुली मारत. बेचाळीस. पुन्हा मोजले. बेचाळीस! नोटिशीत एक्केचाळीस. चोर आहेत चोर. सापडले आता.

६ फेब्रुवारी

पत्र ब्रुकमायरला, पत्र ब्युर्गरमाइस्टरला, म्हणजे इथल्या नगराध्यक्षाला, पत्र पेपरला. या वेळी मीच लिहिली, उर्जाला न दाखवता. चुका असतील तर असोत, शिवी कळण्याइतकं बरोबर आहे. लिहिलं, एका आजारी माणसाचे पाय तुम्ही कापलेत. लिहिलं, एक झाड यादीबाहेर कापलं, कोणाच्या सांगण्यावरून ते शोधा, पोलिसात द्या, नाव जाहीर करा.

उर्जाला कळलंच. म्हणाली, ममा, झाड पडलं, आता पपांकडे बघ. मी फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

हे बाहेर पडत नाहीत. वीस दिवस झाले. बुटांकडेही बघत नाहीत. फिजिओ म्हणाली, पोटरी उतरलीय, असंच चाललं तर चाकाची खुर्ची आणावी लागेल. तिच्यासमोरच ओरडले ह्यांच्यावर. अहो, दुसरं झाड धरा ना, बीच आहे, बाक आहे, काय वाट्टेल ते धरा! ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्या बघण्याचा मला इतका राग आला की मी जाऊन भांडी घासली, घासलेलीच.

२६ फेब्रुवारी

ब्रुकमायर घरी आला. न कळवता. हातात फाइल. बूट दाराबाहेर काढलेन. बसा म्हटलं नाही, तरी बसला. हे आतल्या खोलीत, दार उघडं.

म्हणाला, तुमचं बरोबर आहे फ्राऊ मुळ्ये, बेचाळीस पडली. माझी यादी एक्केचाळिसाचीच. ओक तिच्यात नव्हता. तो ठेवायचा हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं, तुमच्या मिस्टरांना बघितलं तेव्हाच. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीत? तो म्हणाला, आम्ही पाडायच्या झाडांनाच रंग देतो. राहणाऱ्याला काही करत नाही. ओक कोरा आहे हे तुम्हाला रोज दिसेल, मग वेगळं पत्र कशाला, असं वाटलं.

मग फाइलमधून एक फोटो काढून पुढे ठेवलान. तोडणारे लोक बाहेरचे, ठेक्यावरचे. त्यांना यादीशी देणंघेणं नाही, रंग दिसला की कापायचं. मोठं झाड असलं तर आधी फोटो काढून ठेवतात.

फोटो मोठा होता. बर्फ, बाक, ओक. खोडावर छातीच्या उंचीला केशरी पट्टा.

"आमचाही रंग केशरीच," तो म्हणाला. "पण आमचा फवाऱ्याचा असतो. हा कोणीतरी हाताने लावलाय. बघा, पाच बोटं दिसतात. तुम्ही म्हणालात तशी पोलिसात तक्रार देतोय मी. तुम्ही रोज तिथे जायचात. कोण असेल, काही कल्पना?"

नाही, म्हटलं मी. काही कल्पना नाही.

२ मार्च

सकाळी ब्रुकमायरला फोन करून खरं ते सांगितलं. मग ह्यांच्यासमोर बसले आणि ह्यांनाही सांगितलं. शेंदूर मी लावला, म्हणून पडला. ह्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं, तिथेच, त्या दिवशी धरलं होतं तिथे.

"मी तुला नको म्हणालो होतो, शुभा."

अडीच वर्षं वाट पाहिली. पहिलं अख्खं वाक्य हे.