बोसनचे पाय वाळूला लागले नाहीत

चिरंजीव जागो यास,

आजीचे आशीर्वाद. मी तुझ्या आईची आई, अजून जिवंत. मुद्दाम सांगते, कारण ईस्टरला तुझा कुत्रा बोसन माझ्या दारात सोडून गेलास तेव्हापासून तुला आजी आहे हेच तू विसरलेला दिसतोस. तब्येत बरी असेल. माझे गुडघे होते तसेच. लिहून घेते आहे शेजारची केरेन्सा. (ती मध्ये स्वतःचं काही घुसडेल, लक्ष देऊ नकोस.)

आधीच सांगते, बोसन जिवंत आहे. घाबरायचं तेवढं मी घाबरून घेतलं.

उन्हाळाभर मोठ्या किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी. (सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची पोरं वाळूत काय वाटेल ते करतात, ते चालतं.) म्हणून आम्ही दोघं ओहोटीला बंदराकडून खडकांखालून चालत छोट्या पुळणीवर जातो. आता उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तो जादा तास भरती-ओहोटीच्या पुस्तकात धरलेला नसतो, तो आपण मिळवायचा. केरेन्साने तो मिळवून मला वेळ सांगितली. मी सवयीने आणखी एक मिळवला, म्हणजे निघालो तासभर उशिरा. (आजींनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. – केरेन्सा) (मी कशाला विचारू, तू सांगायचं होतंस.)

परत फिरलो तर बंदराकडची वाट पाण्याखाली. पाणी मुकाट येत होतं, तेच वाईट. आदळआपट करणाऱ्या समुद्राला शिव्या तरी घालता येतात. उरली मोठ्या किनाऱ्याकडची बाजू, तिथेही कमरेएवढं झालेलं. बोसन एका खडकावर बसून थरथरत होता, पाऊल टाकेना. मी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि ओढत निघाले. माझ्या तोंडून प्रार्थना निघाली, पण मधले शब्द आठवेनात, म्हणून पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली.

खडकाच्या टोकाशी किनाऱ्यावरचा पहारेकरी दिसला, आपल्या चर्चशेजारचा पेट्रॉक. त्याने काय करावं? शिट्टी मारली.

"आजी, मागे जा. कुत्र्यांना बंदी आहे."

"मागे समुद्र आहे रे गाढवा. त्याला शिट्टी मार."

तेवढ्यात लाट माझ्या छातीवर आली आणि बोसन खाली गेला. पट्टा सैल पडला, जागो. तेवढ्या वेळात मी तुला काय सांगायचं ते सगळं ठरवून टाकलं, आणि त्यातलं एकही वाक्य मला बोलता आलं नसतं.

पेट्रॉक बुटांसकट पाण्यात आला. बोसनला वर काढून खांद्यावर टाकलं, मी त्याच्या कमरपट्ट्याला लोंबकळले. तशी आमची वरात अख्ख्या किनाऱ्यावरून, छत्र्यांमधून, रस्त्यापर्यंत गेली. एका पाहुणीने तक्रार केली, तर हा म्हणतो, "बाई, त्याचे पाय वाळूला लागलेत का? मग नियम कुठे मोडला?"

तुझी आजी

ता. क. हे सगळं पेट्रॉकच्या आईकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. ती मी रडले असं सांगेल. ते समुद्राचं पाणी होतं. (नव्हतं. – केरेन्सा)

ता. क. दुसरा. तू पुढच्या महिन्यात बोसनला न्यायला येणार म्हणालास. येऊ नकोस. म्हणजे ये, पण रिकाम्या हाताने परत जा. आता रात्री तो उठला की मी उठते आणि मी उठले की तो. अशा दोघांना वेगळं करू नये. शिवाय तो आता डबकंसुद्धा ओलांडत नाही, पुढे मांस धरावं लागतं. तेव्हा येताना तुझ्याकडच्या खाटकाची जाड सॉसेजेस आण, मिरी न घातलेली. थोडी जास्तच आण, डबक्याशी मीही थबकते.