आवाज बंद करून पाहिलेले बाबा

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. फोनवर बोललो तर तुझ्या शेजारी बसलेल्या बाबांना ऐकू जाईल, म्हणून मेसेज लिहून पाठवतोय. मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे?

ताई, तू पाठवलेला बाबांचा व्हिडिओ मी आज वर्गात लावला. पेशंटला हात लावण्याआधी त्याला नीट बघायचं कसं, ते मी मुलांना शिकवतो. आधी आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवतो, मग आवाज. ठणठणीत म्हातारा कसा दिसतो ते कळावं, म्हणून बाबा निवडले. थोडं मिरवायचंही होतं.

त्यात बाबा माझ्या डॉक्टरकीची टिंगल करतात. मी तो कितीदा पाहिला आणि दरवेळी हसलो. आज मोठ्या पडद्यावर मुके बाबा दिसले. हात गुडघ्यांवर रोवलेले, प्रत्येक श्वासाला मान ताणलेली, ओठ निळसर. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे आजोबा दम लागलेला लपवताहेत. यांना अ‍ॅडमिट केलंय ना?"

मी "हो" म्हणालो. खोटं बोललो गं. पुढे आवाज लावायला हातच उठेना.

ताई, तुझ्या पाया पडतो, त्यांना आजच हॉस्पिटलमध्ये ने. माझ्या सुट्टीसाठी थांबू नकोस. ते नाही म्हणतील, विनोद करतील, तुला हसवतील. तू ऐकू नकोस. त्यांच्या मानेकडे बघ.

तुझा,
डॉक्टर म्हणवून घेणारा भाऊ