धवल्यासाठी घेतलेल्या गोळ्या

सोमवार, ६ एप्रिल
आजपासून गोळी. शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, रोज काय होतं ते लिहून ठेवा, पुढच्या टायमाला दाखवा." म्हटलं, चौथी शिकलेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं. चालेल म्हणाल्या. आजी म्हणे. स्वतः माझ्याच वयाची, केस तेवढे रंगवलेत.

पाळी जाऊन दोन वरसं झाली. तेव्हापासून अंगात भट्टी, रातची झोप नाय. ते सोसलं असतं. पण माघात खर्डीला हळदीत धवला, लग्नातलं देवांचं गाणं, म्हणताना भडका उठला नि नवऱ्या मुलाच्या मयत आज्याचं नावच डोक्यातून गेलं. देवांना, पितरांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं, धवलारणीचं दुसरं काम काय? त्या आज्याची म्हातारी उठून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता २५ तारखेला टोकावड्याला पूजाची हळद. माझ्या धाकट्या बहिणीची, शेवंतीची नात. तिथे नाव गळून चालायचं नाय. म्हणून गोळ्या.

बुधवार, ८ एप्रिल
गो. घेतली. मळमळ. चहाचा वास नको झाला. म्हातारा म्हणतो, "दिवस गेले काय गो?" नि एकटाच हसतोय. ताट त्याच्यासमोर आपटलं.

शनिवार, ११ एप्रिल
गो. घेतली. छाती ठणकते. नातवाला उचललं, त्यानं डोकं टेकलं तर डोळ्यांपुढं काजवे. खाली ठेवला. रडला. रडू दे.
पोट फुगलंय, डोकं धरलंय. असं होईल, मग कमी होईल, असं बाईंनी सांगितलं होतं. सांगून ठेवलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं.

मंगळवार, १४ एप्रिल
झोपले. उठले तर उजाडलेलं! कोंबड्या सोडल्या, अंगण झाडता झाडता पूजाच्या हळदीचा सगळा धवला म्हटला. गावदेवीपासून शेवंतीच्या मयत सासऱ्यापर्यंत. एक नाव गळलं नाय. वळून बघते तर सून दारात मोबाइल धरून उभी. "आई, आज गळा काय मोकळा लागलाय. घेतलं मी रेकॉर्डिंग." म्हटलं, त्यापेक्षा भांडी घे.
छाती दुखतेच. दुखू दे.

शुक्रवार, १७ एप्रिल
डाग.
मोरीत बघितलं नि तशीच उभी राहिले. "सुरुवातीला मधेच डाग जाईल, घाबरू नका, मनानं गोळी बंद करू नका." बाई बोलल्या होत्या. मी नंदीबैलासारखी मान हलवली. धवल्याचं तेव्हा डोक्यातच आलं नाय.
अंगावरून जात असताना बाईनं हळदीला हात लावायचा नाय. म्हणून तर आमच्यात धवला पाळी गेल्यावरच हाती येतो. सासूनं मला शेजारी बसवून नावं पाठ करून घेतली, पण मांडवात तोंड उघडू दिलं ते पाळी गेल्यावरच. वीस वरसं नुसती ऐकत बसले होते.

रविवार, १९ एप्रिल
आहेच. सुनेला सांगावं लागलं, पॅड तिच्याकडचे.
"ही खरी पाळी नाय आई. औषधाचं आहे. आणि तुमाला विचारतंय कोण?"
"मग तूच सांग मांडवात. मोठ्यानं."
"मी कशाला सांगू? तुमीपण सांगू नका."
वाशिंदला कंपनीत जाते, तिला सगळं सोपं. मांडवात देवांना हाक मारायची मी.
गोळीनं डाग आला. मग गोळीच नाय घेतली तर...

सोमवार, २० एप्रिल
गो. नाय घेतली. कोणाला बोलले नाय.

गुरुवार, २३ एप्रिल
पाळीसारखंच सुरू झालं. कंबर, पोट, सगळं. सुनेनं बाईंना फोन लावला. बाई चिडल्या. "गोळी एकदम सोडली की रक्त येणारच, आजी. पाळी पुढं ढकलायची गोळी थांबवल्यावर नाय येत?"
येते. गणपतीत गौरीसाठी ती गोळी मीच किती येळा खाल्ली. विसर्जन झालं की थांबवायची, मग येते. आणि ही अक्कल सोमवारी कुठं चरायला गेली होती?

शुक्रवार, २४ एप्रिल
सून म्हणाली, ताप आला म्हणून सांगा. नाय. शेवंतीला फोनवर खरं ते सांगितलं. तर म्हणते, "म्हातारपणी जवान व्हायला निघालीस होय गो ताई?"
"हो. दुसरं लग्न करायचंय. धवला तू म्हण."
रडायला लागली. दुसरी धवलारीण आणायची कुठून, सगळ्या म्हाताऱ्या मरून गेल्या. सुनेनं फोन माझ्या हातातून घेतला. "मावशी, आईंचं रेकॉर्डिंग आहे. डाग यायच्या आधीचं."

शनिवार, २५ एप्रिल
टोकावडे. मी मांडवाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून. आत स्पीकरवर मी.
मधेच खराट्याचा आवाज. शेवंतीच्या सासऱ्याचं नाव आलं, नि पाठोपाठ "हाड, हाड!" कोंबडीला हाकललं होतं मी. सगळ्या बाया फिदीफिदी. शेवंती पण हसली. नावं मात्र सगळी आली. एक गळलं नाय.
एक पोरगी पाणी घ्यायला आली. "आजी, तुमी आत का नाय?" म्हटलं, आतच आहे, ऐक की.

सोमवार, २७ एप्रिल
बाईंनी तपासलं. भिण्यासारखं काय नाय. गोळी परत सुरू करा म्हणतात, पहिल्यापासून. डाग काही महिने येईल-जाईल, नक्की सांगता येत नाय. वही वाचताना कोंबडीपाशी हसल्या.

गुरुवार, ३० एप्रिल
गोळी अजून सुरू केली नाय. परत भट्टी. झोप नाय. सकाळी धवला म्हणून बघितला. अर्ध्यात शेवंतीच्या सासऱ्याचं नाव येईना. उभी राहिले खराटा घेऊन. नाय आलं.
दुपारी मुरबाडहून एका बाईचा फोन. पुढच्या महिन्यात पोराची हळद. वाटलं बोलवते. म्हणाली, "तुमी कशाला येता उन्हाचं? आमची नावं पाठवते, मोबाइलवर म्हणून द्या. कोंबडी तेवढी नको." त्यावर खो खो हसली.
बघते म्हटलं.
जेवण झालं. गोळ्यांचं पाकीट पुढ्यात, तांब्या भरलेला. घेतली तर नावं येतील, मांडव जाईल; नाय घेतली तर उलटं.
गो.